पालक: समस्त ग्रामसभा

“गाडी काऊन नेली?” निमगडे सरांनी विचारलं.

“चावी लागून होती ना जी.”

“मग?”

“मग सुरू झाली.”

सरांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. त्यांना हसू आवरायचं होतं. मीही माझ्या कागदांत डोकं घातलं. समोर बसलेली मुलगी पंधरा वर्षांची होती, अंगावर आश्रमशाळेचा निळा ड्रेस, एका वेणीला रिबन, दुसरीला रबर बँड. तिच्यावर चार मोटरसायकली चोरल्याची केस होती.

तिचं खरं नाव मला सांगता येत नाही, कायदा तसा आहे. आपण तिला सोनी म्हणू. मी गडचिरोलीत कंत्राटी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे औषध मी देत नाही, ते डॉक्टर देतात. मी मुलांशी बोलते, चाचण्या घेते आणि रिपोर्ट लिहिते. निमगडे सर परिवीक्षा अधिकारी. अठरा वर्षांखालचं मूल गुन्ह्यात सापडलं की त्याच्या घरची, शाळेची माहिती काढून बाल न्याय मंडळापुढे ठेवायची, आणि मंडळानं सोडलं तर पुढे त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. सर आरमोरीचे. त्यांना कोणाशीही बोलता येतं. मला येत नाही. मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि घरी आई-बाबा बोलायचे तशी भाषा मला बाहेर बोलायला लाज वाटायची. त्यामुळे मी ऐकण्याचं काम निवडलं. त्यात बोलावंही लागतं, हे नोकरी लागल्यावर कळलं.

तर चार मोटरसायकली. आरमोरीच्या आठवडी बाजारातून त्या एकामागून एक गेल्या. पोलिसांना वाटलं टोळी आहे. पण टोळी विचित्र होती. गाडी पेट्रोल संपेपर्यंत चालायची आणि मग रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली सापडायची. एका गाडीच्या हँडलला कांद्यांची पिशवी होती, ती तशीच होती. दुसऱ्या गाडीला पिशवीत दोन कोंबड्या टांगलेल्या होत्या. चोरानं त्यांना सावलीत ठेवून पाणी पाजलं होतं. एकीनं पिशवीतच अंडं दिलं होतं. मालकानं जबाबात अंड्याचाही उल्लेख केला आहे. चौथी गाडी एका हवालदाराच्या साळ्याची निघाली, आणि मग तपासाला वेग आला.

“किती लांब जायचं होतं तुला?” मी विचारलं. मला धीर करून एकच प्रश्न विचारायचा होता, तो हा.

सोनीनं विचार केला. “जायचं नव्हतं कुठी. गाडीवर डोकं शांत राहते.”

हे मी लिहून घेतलं. ती बोलताना टेबलाखाली तिचा पाय सतत हलत होता आणि माझं टेबलही. तरी चाचण्या तिनं बऱ्या दिल्या. हे लक्षात ठेवावं लागतं. अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, ज्याला आम्ही एडीएचडी म्हणतो, त्यातली मुलं नव्या खोलीत, नव्या माणसासमोर बऱ्याचदा छान बसतात. नवं असतं तोवर मन लागतं. म्हणून खोलीतल्या वागण्यावरून काही ठरवायचं नाही. लहानपणापासून तसं होतं का, आणि घरी, शाळेत, दोन्हीकडे होतं का, हे शोधायचं असतं.

आई-वडील तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. आमच्या भागातली बरीच कुटुंबं धान निघालं की जातात. त्यांच्याकडे फोन नव्हता, मुकादमाकडे होता. दोन दिवस निमगडे सरांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि शेवटी सोनीची आई फोनवर आली. मागे वाऱ्याचा आवाज होता.

“लहानपणी कशी होती हो सोनी?” मी विचारलं.

“आताही लहानच आहे ना, मॅडम.”

“म्हणजे दोन-तीन वर्षांची होती तेव्हा?”

“चालत नव्हती, धावतच होती. जंगलात जाईल म्हणून तिच्या कमरेले बकरीची घंटी बांधली होती. आवाज बंद झाला की समजायचं, कुठीतरी चढली.” मग तिनं विचारलं, “तिले मारलं का कोणी?”

“नाही,” मी म्हटलं. “जेवतेय नीट.”

गावच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी फोनवर सांगितलं की सोनी पहिलीपासून उत्तर हात वर न करता ओरडायची, आणि ते बहुतेक बरोबर असायचं. पाटी मात्र रोज हरवायची. आश्रमशाळेतून कळलं की ती आठवीत आली तेव्हापासून वर्गाबाहेरच उभी असते. का, तर वर्गात ठेवली की बडबडते, दुसऱ्याच्या वस्तू उघडते, डबा सांडते. म्हणून बाहेर. बाहेर म्हणजे व्हरांडा, व्हरांड्यातून गेट, गेटसमोर बाजार. जेवणाच्या वेळेला ती परत यायची, म्हणून ती गेली होती हे कोणाला कळतच नव्हतं.

रिपोर्ट लिहायला फार विचार करावा लागला नाही. सोनीला एडीएचडी होता. हिला लक्ष नाही असं म्हणतात ते तितकंसं खरं नाही. लक्ष भरपूर असतं, पण ते कुठे लावायचं हे तिच्या हातात नसतं. आणि दुसरं म्हणजे ब्रेक. तुमच्या-माझ्या मनातही दुसऱ्याची चालू गाडी बघून काहीतरी येतं, पण हात पुढे जाण्याआधी ब्रेक लागतो. या मुलांचा ब्रेक उशिरा लागतो. कधी कधी पेट्रोल संपल्यावर.

दुसऱ्या पानावर मी एक वाक्य लिहिलं: उपचार न मिळालेल्या अशा मुलांमध्ये पुढे कायद्याशी संघर्ष होण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं. हे खरं आहे, सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. तिसऱ्या पानावर मी उपचार लिहिले. औषध, शिक्षकांना मार्गदर्शन, हालचालीचं काम, घरी राहणं. मी रिपोर्ट तीनदा तपासला. काना-मात्रेची एकही चूक नव्हती.

मंडळाची बैठक फेब्रुवारीत होती. छोटी खोली, एक लांब टेबल. मध्ये न्यायदंडाधिकारी साहेब, दोन बाजूंना दोन सदस्य. त्यांतल्या वासेकर बाई निवृत्त मुख्याध्यापिका. अतिशय मायाळू. त्या सोनीला आधी म्हणाल्या, “बाळा, पाणी घे,” आणि मग माझा रिपोर्ट हातात घेऊन चष्मा लावला.

“मॅडम, हे तुम्ही लिहिलंय ना? पुढे कायद्याशी संघर्ष होण्याचं प्रमाण जास्त?”

“हो.”

“म्हणजे ही पुढेही करणार.”

“तसं नाही, ते...”

“मी आयुष्यभर शाळेत होते. अशी मुलं मी पाहिलीत. आधी डबा पळवतात, मग सायकल, मग गाडी. तुमचं शास्त्रही तेच म्हणतं. आई-बाप इथे नाहीत. गावात हिला आवरणार कोण? साहेब, मला वाटतं हिला विशेष गृहात पाठवावं. शिस्त लागेल, शिक्षण होईल. हिच्याच भल्याचं आहे.”

विशेष गृह म्हणजे दूरच्या शहरातली निवासी संस्था. अठरा पूर्ण होईपर्यंत ती तिथे राहिली असती. जिला व्हरांड्यात उभं ठेवून हे सगळं झालं, तिला आणखी उंच भिंतीच्या आत. सोनीला अजून काही समजलं नव्हतं. ती टेबलाखालचा स्क्रू बोटानं फिरवत होती.

मला म्हणायचं होतं की बाई, तिसरं पान बघा. मला म्हणायचं होतं की प्रमाण जास्त असतं याचा अर्थ एवढाच, की इतरांपेक्षा जास्त. अशा बहुतेक मुलांना पोलीस स्टेशन कुठे आहे हेही कधी कळत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं. तोंडातून निघालं, “पान तीन...” आणि ते कोणालाही ऐकू गेलं नाही, कारण बाहेर ट्रॅक्टर आला होता.

ट्रॅक्टर बंद झाला तेव्हा माणसांचा आवाज ऐकू येऊ लागला. शिपाई आत आला.

“साहेब, मुलीचे पालक आलेत.”

साहेबांचा चेहरा उजळला. “छान. बोलवा.”

“सगळ्यांना?”

आम्ही खिडकीतून बघितलं. ट्रॉलीतून बायका उतरत होत्या, म्हातारे उतरत होते, कडेवरची पोरं उतरत होती. एका आजोबांना दोघांनी हात देऊन उतरवलं. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले कपडे होते.

झालं होतं असं. नोटिशीत लिहिलं होतं, पालकांनी जातीनं हजर राहावं. आई-वडील तेलंगणात, म्हणून नोटीस ग्रामसभेच्या अध्यक्ष मैनाबाईंच्या हातात दिली गेली. त्या गावात बांबूपासून तेंदूपत्त्यापर्यंत सगळं ग्रामसभेत ठरतं, आणि ग्रामसभा म्हणजे चारदोन पुढारी नव्हेत, गावातला प्रत्येक मोठा माणूस. कोणी एकजण जरी नाही म्हणाला तरी बैठक उठत नाही. मैनाबाईंनी नोटीस सभेत वाचून दाखवली. सोनीचे आई-बाप दर वर्षी मिरचीला जातात, तेव्हा तिला सांभाळतं कोण? कधी या घरी जेवते, कधी त्या घरी झोपते. मग पालक कोण? सभेनं एकमतानं ठरवलं, सगळे. आणि जातीनं हजर राहायचं म्हणजे राहायचं. पहाटे ट्रॅक्टर निघाला.

मैनाबाई दारात आल्या. ठेंगण्या, कपाळावर गोंदण, पायांत रबरी चपला. “जोहार,” त्या म्हणाल्या. “आमी पालक.”

“तुमच्यापैकी दोघा-तिघांनीच आत यावं,” साहेब म्हणाले. “हे उघडं कोर्ट नाही, मुलीची बाब आहे.”

“कोनते दोघं-तिघं?”

“ते तुम्ही ठरवा.”

“मंग सभा घ्यावी लागन जी,” मैनाबाई म्हणाल्या, आणि परत गेल्या.

आवारातल्या कडुनिंबाखाली गोल धरून सगळे बसले. साहेबांनी चहा सांगितला. निमगडे सर माझ्या कानात म्हणाले, “मॅडम, आता दुपार होते. एकमत होईपर्यंत हे उठत नाहीत.”

तेवढ्यात सोबतच्या पोलीस ताई ओरडल्या, “अरे, पोरगी कुठे आहे?”

खुर्ची रिकामी होती. दारही उघडं. मी खिडकीकडे धावले, वासेकर बाईही. सोनी आवार ओलांडून गेली होती आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बसली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर. ट्रॅक्टरला चावी लागून होती.

पोलीस ताई पळाल्या. निमगडे सर पळाले. माझ्या मनात माझं दुसरं पान उघडलं गेलं. वासेकर बाई म्हणाल्या, “बघा,” आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, त्यांना वाईटच वाटलं होतं.

कडुनिंबाखालच्या गोलात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यांचं नाव सुकरूभाऊ, हे नंतर कळलं. त्यांनी मानही वळवली नाही. नुसतं मोठ्यांदा म्हणाले, “सोनी, चावी आन इकडं.”

सोनीनं चावी काढली. उडी मारली. चावी नेऊन त्यांच्या हातात ठेवली.

“आता पानी आन समद्यांले. पान्याची गुंडी ट्रॉलीत आहे. मैनाबाईले पहिले दे.”

सोनी पळाली. पोलीस ताई तिच्या मागे गेल्या, तर तिनं त्यांच्या हातात पेले दिले. मग दोघीही पाणी वाटू लागल्या. सभा चालूच होती. कोणी थांबलं नाही, कोणी तिला बोललं नाही. पाणी झालं तर एका म्हातारीनं तिला आपली हरवलेली चप्पल शोधायला पाठवलं. ती ट्रॉलीतच होती, पण सोनीला ती सापडेपर्यंत चार वेळा ट्रॉलीवर चढता-उतरता आलं.

वासेकर बाई खिडकीतून हलल्या नाहीत. चहा गार झाला.

शेवटी तिघं आत आले. मैनाबाई, सुकरूभाऊ आणि ती चप्पलवाली म्हातारी. तिला का निवडलं, तर ती सभेत कोणाचंच ऐकत नव्हती.

“ही मुलगी गावात कशी वागते?” साहेबांनी विचारलं.

मला वाटलं आता कौतुक होईल. सुकरूभाऊ म्हणाले, “खूब तरास आहे, साहेब.”

निमगडे सरांनी डोळे मिटले.

“माह्या बकऱ्या मोकळ्या सोडल्या, अन् स्वतः झाडावर. बकऱ्यांनी यायच्या वाडीतला भाजीपाला खाल्ला.” त्यांनी म्हातारीकडे बोट दाखवलं.

“मोहाची फुलं भाजायले ठेवली,” म्हातारी म्हणाली, “हिले सांगतलं, हलवत राय. ही गेली मोर पाहाले. समदं जळून कोरसा!”

“बोलते किती! कान दुखते,” सुकरूभाऊ म्हणाले.

“मी झोपली होती तं माह्या घरचा रेडिओ उघडून ठेवला,” म्हातारी म्हणाली.

“तो सुरू तरी झाला ना त्याच्यानंतर?” मैनाबाई म्हणाल्या.

“झाला. पन मले विचारलं नाई.”

तिघंही भांडायच्या बेतात होती. वासेकर बाईंनी विचारलं, “मग तुम्हाला ती परत कशाला हवी?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. प्रश्न त्यांना समजला नव्हता.

“आमची आहे ना जी,” म्हातारी म्हणाली.

साहेबांनी पुढचं विचारलं. “गावात कोणाची गाडी चोरली का तिनं?”

“गावात चोरते कशी?” सुकरूभाऊ म्हणाले. “गाड्या झाडाखाली उभ्या राहतात, चावी लागूनच राहते. कोनाले काम पडलं तं तो घेऊन जाते. बाळंतपन असो, साप असो, मालकाले शोधत बसता का मंग? हिले गाडीवर बसलेली पाहिलं का कोनीही आवाज देते. सोनी, चालली का? मंग बांबूवाल्यांचा डबा दे. सोनी, येता येता तेल आन. हिले बसवून ठेवलं तं काहीतरी मोडते, साहेब. पाठवलं तं काम होते.”

“माही गाडी तं हिच्याशिवाय कोनी...” ते पुढे काही म्हणणार, तोच वासेकर बाई म्हणाल्या, “पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही मोटरसायकल चालवायला देता? लायसन्स?”

सुकरूभाऊंनी टोपी काढली आणि आत काही लिहिलंय का ते बघितलं. मैनाबाई छताकडे बघू लागल्या.

“अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर पालकाला शिक्षा असते,” साहेब म्हणाले. “तुम्ही सगळेच पालक. मग ती कोणाला द्यायची?”

सुकरूभाऊंनी टोपी परत घातली. “त्याच्यासाठी पुन्हा सभा घ्यावी लागन, साहेब.”

साहेब हसले ते इतके, की त्यांना खोकला आला. त्यांच्यासाठी सोनी पाणी घेऊन आली. कोणी सांगितलं नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, मघाशी तुम्ही काहीतरी म्हणत होता. आता सांगा. आणि सोप्या मराठीत सांगा.”

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती. माझा आवाज बारीक निघाला, पण ट्रॅक्टर बंद होता.

“साहेब, हा त्रास सोनीला जन्मापासून आहे. गाड्या नेणं आश्रमशाळेत आल्यावर सुरू झालं. ती गावात इतकी वर्षं राहिली, तेव्हाही तिला हाच त्रास होता. तेव्हा ती चोर नव्हती.”

वासेकर बाई ऐकत होत्या.

“मी लिहिलंय की अशा मुलांत पुढे गुन्ह्यांचं प्रमाण जास्त असतं. पण त्रासातून सरळ गुन्हा होत नाही. मध्ये काहीतरी असतं. मूल बसत नाही म्हणून त्याला मार पडतो, मग अभ्यास मागे पडतो, मग वर्गाबाहेर काढतात. बाहेर जे भेटतं ते त्याचं होतं. सोनीला बाहेर गाडी भेटली. नशीब, दुसरं कोणी भेटलं नाही. हे मधलं बदललं तर पुढचं बदलतं. आणि औषध मिळालं तर ब्रेक वेळेवर लागायला मदत होते. गावानं तिला बरं केलेलं नाही. पण तिला बाहेर काढलेलं नाही.”

इतकं मी सलग मराठीत पहिल्यांदाच बोलले असेन. बसताना खुर्ची थोडी बाजूला होती, निमगडे सरांनी ती वेळेवर सरकवली.

वासेकर बाईंनी चष्मा काढून पुसला. “आमच्या शाळेतही आम्ही वर्गाबाहेर उभं करायचो,” त्या म्हणाल्या. मग सोनीला जवळ बोलावलं. “बाळा, तुला कुठे राहायचंय?”

“घरी,” सोनी म्हणाली. “पण शाळाही पाह्यजे. गनित आवडते मले.”

“गणित? कसं काय?”

“लवकर होते ना ते.”

मंडळानं आदेश दिला: सोनीला देखरेखीखाली गावी सोडावं. दर महिन्याला तपासणी आणि औषधासाठी यावं. गावाजवळच्या दिवसाच्या शाळेत नाव घालावं. गाडीमालकांना भेटून माफी मागावी. अठरा पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत कुठल्याही इंजिनाला हात लावू नये. आणि तिची जबाबदारी एका योग्य व्यक्तीनं लेखी घ्यावी. ‘एका’ या शब्दावर साहेबांनी दोनदा जोर दिला. कडुनिंबाखाली पुन्हा सभा झाली. मैनाबाईंचं नाव निघालं. संध्याकाळी ट्रॉली गेली तेव्हा सोनी ट्रॉलीत मागे बसली होती, आणि ट्रॅक्टरची चावी ड्रायव्हरच्या खिशात होती. खिशाला सेफ्टी पिन लावलेली होती.

माफीच्या फेरीला मीही गेले. दोन मालकांनी ऐकून घेतलं, एकानं थोडं झापलं. कोंबड्यांवाले भाऊ तिची वाटच बघत होते. “तूच काय ती?” ते म्हणाले. “अंडं देणारी कोणती, काळी का लाल? मला अजून कळलं नाही.” सोनी म्हणाली, लाल. दोघं त्यावर बराच वेळ बोलले. निघताना त्यांनी तिला बाजारातला चिवडा खाऊ घातला.

पहिल्या महिन्यात एक गोंधळ झाला. गोळी रोज सकाळी द्यायची, हे मी मैनाबाईंना सांगितलं होतं. त्यांनी सवयीनं ते सभेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाच घरांतून सोनीला विचारणा झाली, गोळी घेतली का? एका घरात तर पाण्याचा पेला भरून तयार होता. पालक खूप असण्याचे तोटेही असतात. आता गोळ्यांची पट्टी मैनाबाईंच्या कमरेच्या बटव्यात असते आणि बाकीच्यांना फक्त विचारायची परवानगी आहे.

शाळा शेजारच्या मोठ्या गावात आहे. सोनी सायकलनं जाते. जाताना दमते म्हणून पहिले तास बरी बसते. गणिताच्या सरांनी फळा पुसणं, वह्या वाटणं, घंटा देणं अशी उठायची सगळी कामं तिला दिली आहेत. चप्पल अजून हरवते. मधल्या परीक्षेत मराठीत ती जेमतेम पास झाली. गणितात वर्गात पहिली आली, पण पेपरवर नाव लिहायला विसरली. सरांनी अक्षरावरून ओळखलं. आई-बाबा मिरचीहून परत आले तेव्हा आईनं मला फोन केला. फक्त एवढंच सांगायला की आलोय.

गाड्यांना तिनं हात लावलेला नाही. सुकरूभाऊंची पंक्चर मात्र ती काढते. इंजिन बंद असतं, असं ते मला प्रत्येक वेळी आवर्जून सांगतात.

गेल्या महिन्यात मैनाबाईंचा फोन आला.

“मॅडम, आमच्या गावात आनखी एक आहे.”

“काय केलं त्यानं?”

“काही नाई केलं अजून. पाच वर्साचा आहे. बसत नाई, ऐकत नाई, परवा इहिरीच्या काठावर चढला. सोनी म्हनते, हा माह्यासारखाच आहे, याले मॅडमकडं न्या. म्हटलं, चोरी व्हायच्या आधी आनलं तं चालते का?”

“चालतं,” मी म्हटलं. “तेच चांगलं.”

“किती जनांनी यायचं?”

“आई आणि बाबांनी.”

पलीकडे थोडा विचार झाला. “विचारून सांगतो सभेले,” त्या म्हणाल्या.

शेवटी सहाजण आले. पोरगं माझ्या टेबलावर चढलं, खिडकीच्या गजांना लटकलं आणि निमगडे सरांच्या खिशातलं पेन घेऊन पळालं. सरांनी ते परत मागितलं नाही. मी त्याच्या आईशी बोलले, अंगणवाडीच्या ताईंशी फोनवर बोलले, आणि त्याला डॉक्टरांना दाखवलं. सोनीचा रिपोर्ट सात पानांचा झाला होता. याचा एका पानात बसला. मध्ये गुन्हा नसला की लिहायला फारसं काही उरत नाही.